उपडं ठेवलेलं पातेलं

आमच्या घरात उपडं ठेवलेलं भांडं कुणी सुलटं करत नसे. का, ते कुणी सांगतही नसे. कल्हई उडालेलं पितळेचं भांडं परसातल्या कट्ट्यावर उपडं घालायचं आणि नवी कल्हई होईपर्यंत त्याला शिवायचं नाही, एवढं चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक होतं. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनी एकमेकांसाठी लिहून ठेवलेली ती पाटीच होती म्हणा ना. तेव्हा आमच्या घरात वाचता येणारी माणसं दोनच. वडील, म्हणजे अप्पा, बोट ठेवून वाचायचे, मी घडाघडा. आणि ती पाटी पुसली ती मी.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी मिरवते. का मिरवू नये? आईला, म्हणजे अव्वेला, सही करता येत नव्हती, अप्पा तिसरीतून उठले ते थेट भट्टीपुढं बसले. त्यांच्या घामावर मी पुण्याला जाऊन शिकले. पदवीबद्दल मी कुणालाही, कधीही सांगते. त्या संक्रांतीबद्दल मात्र कुणी विचारल्याशिवाय सांगत नाही.

अप्पांचा खाऊचा लहानसा कारखाना होता. कारखाना हा शब्द त्यांचा. पुढं दुकान, मागं भट्टी आणि मधल्या खोलीत आम्ही राहत होतो. ज्वारीच्या लाह्यांचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, तिळगूळ, खारे दाणे आणि चिंचगोळ्या, एवढाच माल. सोलापुरात तेव्हा रंगीत मिठाई आणि वासाच्या गोळ्या यायला लागल्या होत्या. अप्पांनी पाटीवर लिहवून घेतलं होतं, 'शेतात पिकतं तेच. रंग नाही, वास नाही.' गिऱ्हाईक विचारायचं, "अप्पा, गुलाबी रेवडी न्हाय का?"

"गुलाबी पायजे तर रंगाऱ्याकडं जा की. तितं लुगडं बी गुलाबी करून देतील आनि जीभ बी."

संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरायची आणि आमचं सगळं वर्ष त्या दिवसांवर उभं असायचं. महिनाभर आधीपासून, हातमाग चालायचे त्या मागाच्या गल्लीतल्या तेलुगू बायका तीळ-चिंच निवडायला आणि शेवटी गोळ्या वळायला यायच्या. त्यांच्यातली एक उंच, किडकिडीत बाई; तिला सगळ्याजणी अम्मा म्हणत, म्हणून आम्हीही म्हणायचो. तिची सहा वर्षांची पोर म्युनिसिपालटीच्या शाळेत पहिलीत होती. शाळा सुटली की ती आमच्या उंबऱ्यावर येऊन बसायची आणि परातीकडं असं बघायची, की बघून बघून अर्धी गोळी विरघळावी.

अप्पांचा एक नियम होता. हंगामाचा पहिला घाणा विकायचा नाही. तिळगूळ धर्मशाळेत उतरलेल्या जत्रेकरूंना जायचा, चिंचगोळ्या शाळेतल्या मुलांना. "आधी वाटायचं, मग इकायचं," ते म्हणायचे. आणि तो पहिला घाणा घरात कुणी चाखायचाही नाही. देवाच्या आणि लेकरांच्या वाटणीचं उष्टं करायचं नसतं. गोडमीठ अंदाजानं. अव्वेचा अंदाज कधी चुकत नसे.

त्या वर्षी रमजान आणि संक्रांत एकदम आले. आमचे कल्हईवाले चाचा म्हातारे होते, पण रोजे सोडत नसत. परसात खड्डा करून कोळसे पेटवायचे, भाता मारायचा, तापलेल्या भांड्यात नवसागर टाकायचा; पांढरा धूर निघायचा आणि कथलाचा हात फिरला की पितळेच्या पोटात चांदी उतरल्यासारखी दिसायची. पाण्याच्या घोटाशिवाय हे काम करायचं. आमच्याकडं दोन जुळी पातेली होती, एकाच दिवशी घेतलेली, दोन्हींत मी मावले असते एवढी. त्यांतलं एक झालं, दुसऱ्याच्या वेळी चाचांचा हात थांबला.

"बेटी, ये एक रह गया. भाता मारने का दम नै अब. परसों आतूं. उलटा रख देव, हौ?"

"हौ, चाचा."

मी हौ म्हटलं तेव्हा माझ्या मांडीवर आरोग्यशास्त्राचं पुस्तक होतं. मॅट्रिकचं वर्ष. त्यात एक धडा होता, सूर्यप्रकाश आणि स्वच्छता. चाचा गेले, त्यांनी स्वतःच पातेलं उपडं घातलं, आणि मी पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरात शास्त्र आणलं. हंगामाची सगळी भांडी, कट्ट्यावरचं ते उपडं पातेलंही, राखेनं घासली आणि परसात उन्हाला लावली, तोंडं वर करून, एका ओळीत. अव्वा दारात येऊन बघत राहिली.

"ही समदी उताणी का ग घातलीस?"

"उपडी ठेवली की आत दमट राहतं. दमटात जंतू होतात."

"जंतू म्हंजी?"

"डोळ्यांना न दिसणारे किडे."

"न दिसनारे? मग तुला कसं दिसले?" असं म्हणून ती तीळ निवडणाऱ्या बायकांकडं बघून हसली. त्याही हसल्या. मला राग आला. अडाण्यांच्या घरात शिकायचं म्हणजे काय असतं, असं काहीतरी मी मनात म्हटलं. हे लिहिताना हात जड होतो, पण म्हटलं होतं.

अव्वेला तिन्हीसांजेला कमी दिसायचं. तिनं चिंच भिजत घालायला ओळीतलं मोठं पातेलं उचललं. सुलटं होतं, म्हणजे चालतं. सकाळी त्याच पातेल्यात चिंचेचा कोळ काढला, गूळ, जिरं, सैंधव घालून आटवला आणि बायकांनी गोळ्या वळल्या. चाखलं कुणीच नाही.

भोगीच्या आदल्या दिवशी दुपारी शाळेला सुट्टी लागायची. मी परात घेऊन गेले. मास्तर म्हणाले, "खा रे, पण पाट्यांना चिकटवू नका." मुलं रांगेनं आली. प्रत्येकाच्या हातावर मी दोन दोन गोळ्या ठेवल्या. तळहात शाईचे, मातीचे, एकाचा तर खरजेचा. मी धड्यातल्यासारखी उभी होते, शिकलेली, दानशूर. अम्माची पोर रांगेतून दुसऱ्यांदा आली. मी ओळखलं आणि हसले. "तू तर आमच्या घरचीच," म्हणून तिच्या परकराच्या ओच्यात मूठभर गोळ्या ओतल्या. माझ्या हातानं. घंटा झाली आणि मुलं गल्ल्यांतून पांगली.

घरी आले तर अव्वा म्हणाली, "पातेलं घासून दे, तिळाचा पाक करायचाय."

मी पातेलं उजेडात ओढलं आणि आत बघितलं.

कल्हई असलेलं भांडं आतून मळकट पांढरं दिसतं. हे पिवळंधमक होतं, लग्नातल्या समईसारखं. चिंचेनं ते आतून घासून काढलं होतं, एवढं लख्ख की माझा चेहरा त्यात वाकडातिकडा दिसला. आणि जिथवर कोळ उभा होता तिथं, कडेनं, एक हिरवी रेघ.

परातीत चार गोळ्या उरल्या होत्या. एक जिभेवर ठेवली. आधी गूळ, मग आंबट, आणि त्याच्या खालून काहीतरी तुरट, कडू, जीभ आक्रसवणारं. कळकलेलं. आमच्याकडं हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. बार्शीकडं आत्याच्या सासरी एका लग्नात कढी कळकली होती. दोन माणसं गेली. त्यातलं एक आठ वर्षांचं.

मी तिथंच उकिडवी बसले. मग मी जे केलं ते सांगायला हवं. मी राख घेतली. ती हिरवी रेघ पुसायची आणि पातेलं परत कट्ट्यावर उपडं घालायचं. कुणाला कळणार होतं? राखेचा हात कडेला लागलासुद्धा होता. तेव्हा मला अम्माच्या पोरीचा ओचा आठवला. भरलेला, खाली लोंबणारा.

"अव्वा!"

ती आली, वाकली, बोट फिरवून बघितलं. "अय्यो शिवा," म्हणाली आणि भिंतीला टेकली. अप्पा भट्टीवरून धावत आले. अव्वा कपाळावर मारून घेत म्हणत होती, "मीच घेतलं हो. माजेच डोळे फुटले." मी तिच्या शेजारी उभी होते. तोंड उघडलं असतं तर एक वाक्य पुरलं असतं.

अप्पांनी एकच विचारलं, "किती पोरांनी खाल्ल्या?"

"सगळ्यांनी."

ते तसेच उघड्या अंगानं निघाले. शेजारच्या पानवाल्यानं हाक मारली, काय झालं ते ऐकलं आणि अप्पांचा हात धरला. "अप्पा, येडं लागलं काय? उद्या जत्रा उगडतीया. गपचूप चार घरी निरोप धाडा."

"चार घरं कुटली ते तू सांग, मग धाडतो."

ते हलगीवाल्याकडं गेले. आमच्या भागात दवंडी पिटणारा तो एकच. "हितून मागाच्या गल्लीपातूर," अप्पा म्हणाले, "दारोदार. माज्या दुकानाचं नाव घिऊन."

हलगीवाल्यालाही खरं वाटेना. "तुमच्याच मालाची दवंडी, तुमीच पिटनार?"

"व्हय. आनि लई मोट्यानं."

दोन वर्षांपूर्वी गावात मार्शल लॉ झाला होता. तेव्हापासून रस्त्यात काही वाजलं की लोकांना गोळीबार आठवायचा. हलगी कडाडली आणि दारं पटापट लागली. बायका पोरांना आत ओढायला लागल्या. बंद दारांवर हलगीवाला ओरडत होता, "ऐका हो ऐका! शाळंत वाटलेल्या चिंचगोळ्या कुनी खाऊ नगा! खाल्ल्या असतील तर मिठाचं पानी पाजा, वकारी काडा! दुकानदार सोता सांगतूया हो!" आणि त्याच्या मागं अप्पा, उघडे, गळ्यात लिंग, हात जोडलेले. त्यांच्या मागं मी.

दारं हळूहळू उघडली. लोकांना कळलं तसं भय दारातून रस्त्यावर आलं. पोरांच्या घशात बोटं जाऊ लागली. मी पदरात गोळ्या गोळा करत होते. कुणाची चाटलेली, कुणाची खिशातल्या दोऱ्यांनी माखलेली, कुणाची तोंडातून काढून दिलेली. पुष्कळांनी एकीलाच तोंड लावून चव बरी नाही म्हणून टाकून दिली होती. लेकरांची जीभ आमच्या नियमापेक्षा शहाणी. तरी पाच-सहा पोरं ओकत होती, पोट धरून रडत होती. एका म्हातारीनं माझ्याकडं बोट दाखवलं. "हीच न्हवं ती शिकलेली? इख वाटायला शिकली व्हय ग?"

मी तिच्या पायाशी पडलेली गोळी उचलून पदरात टाकली.

चौकात मास्तर भेटले. घामाघूम झाले होते. तेही घरोघर फिरत होते. "तुमचा कल्हईवाला कोण?" त्यांनी विचारलं. त्यांनी सहज विचारलं असेल. पण तिथं उभ्या असलेल्या माणसांनी तो प्रश्न उचलला.

"म्हंजी त्यानं कल्हई केलीच न्हाय की."

"पैशे घेतले आनि तसंच ठेवलं."

"त्यास्नी काय आपल्या पोरांचं?"

अप्पा म्हणाले, "तसं न्हाय, चूक घरातली हाय." पण अप्पांना खरी चूक कुणाची ते माहीत नव्हतं आणि त्यांचा आवाज दवंडीनं बसला होता. मला माहीत होतं. दोन-तीन जण चाचांच्या गल्लीकडं वळले. आणि मी पदरातल्या गोळ्या मोजत राहिले.

अम्माच्या घरी पोर नव्हती. अम्मा आमच्याकडून निघून माग चालवायला बसली होती. तिला वाटलं, पोर आमच्या उंबऱ्यावर असेल. आम्हाला वाटलं होतं, ती घरी असेल. अम्मा मागावरून उठली तशी अनवाणी रस्त्यात आली आणि पोरीला हाका मारू लागली. त्या हाका मला अजून ऐकू येतात. आम्ही हौद बघितला, रंगाचे खड्डे बघितले, देवळामागं बघितलं. मागाच्या गल्लीत तेव्हा रस्त्यावरच सूत ताणून त्याला खळ लावायचे. लांबच लांब पांढरं सूत, कमरेएवढ्या उंचीवर. मी वाकून त्याखाली बघत पुढं गेले. शेवटच्या खांबाशी ती बसली होती. गुडघे पोटाशी, हनुवटी गुडघ्यांवर. ओचा सुटलेला.

"गोळ्या कुठं आहेत?"

"संपल्या."

तिचे ओठ निळसर होते. मी उचललं तर अंग गार. घरापर्यंत पोचायच्या आत ती माझ्या खांद्यावर ओकली, हिरवट पाणी, आणि मग मान टाकली.

मास्तरांनी सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आणले. त्यांनी नाडी बघितली, पापणी उघडून बघितली. "दूध आणा. आणि अंडी. पांढरा भाग दुधात घालून पाजायचा. आत्ता, लगेच."

दूध शेजारच्या घरात होतं. अंडी कुणाकडंच नव्हती. त्या गल्लीत कोंबड्या साथीनं मेल्या होत्या. अप्पांच्या तर सात पिढ्यांत कुणी अंड्याला हात लावला नव्हता. ते उठून उभे राहिले, इकडंतिकडं बघायला लागले. कोंबड्या कुणाकडं आहेत ते मला माहीत होतं. मी धावले.

चाचा दारातच बसले होते. समोर तीन माणसं उभी होती, आवाज चढलेले. मी त्यांच्या मधून आत घुसले.

"चाचा, अंडी. अम्माच्या पोरीला. डॉक्टरांनी सांगितलंय."

ते उठले. उठता उठता त्यांनी हळूच विचारलं, माझ्यापुरतंच, "बेटी, मैं उलटा रखने कू बोल्या था ना?"

"हौ."

"फिर?"

"मी सुलटं केलं."

त्यांनी माझ्याकडं क्षणभर बघितलं. मग खुराड्यात हात घातला, टोपीत अंडी ठेवली आणि "चल, पहले बच्ची," एवढंच म्हणाले. मी टोपी मागितली तर दिली नाही. "तू गिराएगी." सकाळपासून घोटभर पाणी नसलेला म्हातारा माझ्यापुढं झपाझप चालत होता आणि ती तीन माणसं आमच्या मागं.

अम्माच्या दारात गर्दी जमली होती. चाचांना बघून ती दाट झाली.

"ह्योच त्यो."

"आता अंडी घिऊन आलाय. पयलं भांडं बुडवलं, आता धरम बुडवतोय."

एकानं चाचांच्या छातीवर हात ठेवला. चाचांनी टोपी दोन्ही हातांनी उंच धरली. आतून अम्माचं रडणं येत होतं, आणि डॉक्टर ओरडत होते, "अंडी आली का?"

मी किंचाळले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "पातेलं मी सुलटं केलं! यांनी उपडं ठेवायला सांगितलं होतं. मला सांगितलं होतं. मी केलं! सोडा त्यांना!"

लोक आजही म्हणतात, पोरीनं धाडस केलं. धाडस वगैरे नव्हतं. अंडी फुटतील एवढंच मला दिसत होतं.

हात खाली आला. वाट झाली. अप्पा दारात होते, त्यांनी ऐकलं होतं. ते माझ्याकडं न बघता बाजूला सरकले आणि चाचांना म्हणाले, "आत या."

पहिलं दूध पोरीनं ओकलं. दुसरंही. अम्मानं तिचं डोकं मांडीवर धरलं होतं आणि "बिड्डा, बिड्डा", लेकरा, लेकरा, असं एकसारखं म्हणत होती. मी तिच्या पायांना राख चोळत बसले. पाय गारच. मी मनात हिशेब करत होते, मूठभर म्हणजे किती; पुन्हा पुन्हा तेच, आणि आकडा दर वेळी वाढायचा. बार्शीच्या त्या मुलाला किती वेळ लागला होता हे आत्या सांगायची, ते मला आठवत नव्हतं, आणि आठवू नये म्हणून मी देवाचं नाव घेत होते. तिसऱ्यांदा दूध आत राहिलं. डॉक्टर भिंतीला टेकून बसले. उन्हाची तिरीप भिंतीवरून वर चढली आणि छपराला लागून गेली.

दिवेलागणीला पोरीनं डोळे उघडले. "अम्मा, नीळ्ळु." पाणी मागत होती.

तेवढ्यात मशिदीतून बांग आली. चाचा उंबऱ्याबाहेर बसले होते, त्यांनीही पाणी मागितलं. अम्मानंच तांब्या भरून नेला. चाचांनी तो हातात घेतला, तिरपा केला आणि प्यायच्या आधी आत डोकावून बघितलं. मग आपल्याच लक्षात येऊन म्हणाले, "आदत है, अम्मा." अम्मा रडता रडता हसली. मला हसू आलं नाही.

घरी जाताना अप्पा माझ्यापुढं दहा पावलं चालत होते. अव्वेला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला ठावं होतं." मी विचारलं, मग स्वतःवर का घेतलंस? ती तीळ निवडत राहिली. माझी शाळा आता बंद होणार, असं मी धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी जत्रेत आमचं दुकान लागलं. अप्पांनी ते पातेलं तिथं आणलं. कल्हई न केलेलं, पिवळंधमक, हिरव्या रेघेसकट. रेघेवर एका जागी माझा राखेचा हात पुसटसा उमटला होता. त्यांनी ते अगदी पुढं ठेवलं, तोंड रस्त्याकडं, आणि शेजारी कल्हईचं त्याचं जुळं, पांढरं. मधे मला बसवलं.

"इच्यारतील त्यास्नी सांग."

"काय सांगू?"

"काय झालं ते. तुला बोलता येतंय की. शिकवलंय कशाला?"

लोक आले, पण घ्यायला नाही, बघायला. "हेच का ते दुकान?" "हो, हेच." "भांडं कुनी घेतलं?" "सुलटं मी केलं." पहिल्यांदा सांगताना माझी नजर पातेल्यावरच होती. पाचव्यांदाही तिथंच. त्याची सवय होत नाही. कुणी थुंकलं, कुणी "च्च" केलं, आणि माढ्याकडचा एक शेतकरी बराच वेळ दोन्ही पातेल्यांत आळीपाळीनं बोट फिरवत राहिला, मग म्हणाला, "आमच्या घरची बी पिवळीच हाईत की ओ," आणि तिळगूळ न घेताच घाईघाईनं निघून गेला. दोन दिवस विक्री जवळजवळ झाली नाही. तिसऱ्या दिवशी थोडी झाली. घेणारी बाई आधी म्हणायची, "भांडं दाखीव." मी दाखवायची. तेव्हापासून आमच्या दुकानात ती रीतच पडली. पाक कशात केला ते भांडं पुढं मांडायचं, आतली बाजू गिऱ्हाइकाकडं.

चिंचगोळ्या अप्पांनी पुन्हा केल्या नाहीत.

किंक्रांतीला मी अम्माकडं तिळगूळ घेऊन गेले. पोर दारात बसली होती, सुकलेली, डोळे मोठे झालेले. मी हात पुढं केला. तिनं माझ्या हाताकडं बघितलं आणि दोन्ही हात पाठीमागं नेले.

"नक्को."

अम्मानं तिला दटावलं. मी म्हटलं, राहू दे. तिळगूळ अम्माच्या हातावर ठेवला आणि निघाले. कोपऱ्यावर वळताना बघितलं तर अम्मानं तो खाल्ला होता आणि पोर तिच्या तोंडाकडं, काही होतंय का, म्हणून टक लावून बघत होती.

शाळा बंद झाली नाही. अप्पांनी त्याबद्दल काहीच म्हटलं नाही, फक्त परीक्षेच्या आधी एकदा विचारलं, "तुज्या पुस्तकात कल्हईचा धडा हाय का?" मी नाही म्हणाले. "मग ते लिवनाऱ्याच्या घरी मातीची भांडी असत्याल," ते म्हणाले.

पुण्याहून मी बी. ए. होऊन आले तेव्हा अप्पांनी सगळ्या गल्लीला लाह्यांचे लाडू वाटले. मागाच्या गल्लीत परात घेऊन मीच गेले. ती पोर आता अकरा वर्षांची, आईएवढीच उंच होऊ लागलेली, सुताला खळ लावत होती. हात धुऊन आली. लाडवाकडं बघितलं नाही. माझ्या पायाशी टेकवलेल्या पाकाच्या लहान पातेल्यात वाकून बघितलं, कारण आता वाटायला जातानाही आम्ही ते बरोबर नेत होतो. मग एक लाडू उचलला. खाल्ला नाही, ओच्यात टाकला आणि गाठ मारली. ती गाठ बघून मला तो जुना, गोळ्यांनी भरलेला ओचा आठवला, आणि ती पुढ्यात धडधाकट उभी असूनही मी तिला विचारलं, "इथंच खातेस का? माझ्यासमोर?"